सुप्याची होळी आणि माझं क्रेडिट कार्ड: व्याजाचा दर ठरवतं कोण?

आजचा भाग कानात हेडफोन घालून बसमध्ये ऐकत असाल, तर एक काम करा. तुमच्या क्रेडिट कार्डाचं ॲप उघडून ठेवा. मधेच लागणार आहे.

सुरुवात माझ्यापासून करतो. दोन-तीन महिन्यांपूर्वी मला बँकेचा ईमेल आला. कुठल्या बँकेचा ते सांगत नाही, कारण मुद्दा एका बँकेचा नाहीच. ईमेलमध्ये खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती: अमुक तारखेपासून थकीत रकमेवरचं व्याज महिना ३.४ टक्क्यांवरून ३.६ टक्के. मी म्हटलं, ०.२ नं काय होतंय! मग बारानं गुणलं. वर्षाला ४३.२ टक्के.

त्यावेळी माझं बिल होतं ४०,००० रुपये. लॅपटॉप बिघडला होता, घरी आईची तपासणी होती, सगळं एकाच महिन्यात आलं. ॲपवर दोन बटणं दिसतात, 'पूर्ण रक्कम' आणि 'किमान रक्कम'. माझ्या कार्डावर किमान म्हणजे ५ टक्के, २,००० रुपये. तेवढे भरले आणि सुटलो असं वाटलं.

आता साधारण हिशेब बघा. उरले ३८,०००. त्यावर ३.६ टक्क्यांनी महिन्याचं व्याज १,३६८. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २४६. एकूण १,६१४. पुढच्या महिन्यात मी परत २,००० भरले, तर त्यातले १,६१४ व्याज आणि करात गेले. मुद्दल किती फिटलं? ३८६ रुपये! खरेदीच्या तारखेपासून लागलेलं व्याज तर मी यात धरलेलंच नाही.

चिडून मी कस्टमर केअरला फोन केला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, दर बँकेच्या धोरणानुसार आहे." मी विचारलं, "मग या धोरणावर लक्ष कोण ठेवतं?" ती म्हणाली, "सर, आणखी काही मदत करू शकते का?"

तिचा काही दोष नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. व्याज किती घ्यायचं, हे ठरवतं कोण? आणि ते जास्त आहे असं वाटलं तर दाद मागायची कुठं? शोधता शोधता मी जिथं पोचलो ती जागा माझ्या मामाच्या गावापासून अर्ध्या तासावर निघाली. सुपे.

पुण्याहून बारामतीला जाताना लागणारं हे गाव. आज बारामती तालुक्यात येतं, तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. मोठी बाजारपेठ, दुकानदार आणि सावकार बरेच. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या गावांतले शेतकरी इथं जमले आणि सावकारांच्या दारात गेले. मागणी काय होती? पैसे नाहीत, दागिने नाहीत. मागणी होती कागदांची. वह्या आणि कर्जाची खतं बाहेर काढा. हातात आली ती खतं त्यांनी जाळली. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरांना आगही लागली. तिथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत गेलं. इतिहासाच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. पण बऱ्याच ठिकाणी सावकारानं मुकाट्यानं खतं दिली, तर त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. राग त्या कागदावर होता.

कागदावर का? इथंच माझ्या ॲपमधल्या 'किमान रक्कम' बटणाचा पूर्वज सापडतो.

थोडं मागं जाऊ. आपल्याकडं एक जुना नियम होता, दामदुप्पट. एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. शंभर दिलेत तर व्याज म्हणून फार तर शंभर. हिंदू कायद्यातला हा नियम मुंबई इलाख्यातली कोर्टंही मानत होती. म्हणजे वरकरणी शेतकऱ्याला संरक्षण होतं. मग बिघडलं कुठं?

दोन गोष्टी झाल्या. १८५५ मध्ये इंग्रज सरकारनं व्याजदरावरच्या कायदेशीर मर्यादा उठवल्या. विचार असा, की देणारा आणि घेणारा दोघं शहाणे, त्यांच्यात ठरेल तो दर. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. कर्जाचं खत तीनच वर्षं ग्राह्य धरायचं. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचू नये. पण सावकारानं त्यातून वाट काढली. तीन वर्षं होत आली की शेतकऱ्याला बोलवायचं आणि नवीन खत लिहून घ्यायचं. जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज, दोन्ही मिळून नवीन मुद्दल. त्यावर परत व्याज, आणि खाली अंगठा.

बघा, दामदुप्पट कुठं मोडली? कागदावर कुठंच नाही. दर तीन वर्षांनी व्याजाचं मुद्दल होत होतं, आणि मग दुप्पट मोजायची कशाच्या? चौकशी आयोगापुढं आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून जास्त व्याज लावलेलं आढळलं.

त्यात काळही वाईट आला. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस थांबला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि उधारी बंद झाली. त्याच सुमारास सरकारनं शेतसाराही वाढवला. शेतकरी कोर्टात गेला तर कोर्ट काय बघायचं? खत. अंगठा तुझाच आहे का? आहे. मग हुकूमनामा, आणि जमीन गेली.

दंग्यांनंतर सरकारनं आयोग नेमला. आयोगानं मुख्य बोट सावकाराकडं दाखवलं आणि सरकारच्या सारावाढीला बरंचसं मोकळं सोडलं. यावर इतिहासकारांनी पुढं चांगलीच टीका केली आहे. पण त्यातून १८७९ मध्ये एक कायदा निघाला, दख्खन शेतकरी साहाय्यता कायदा. पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा हे चार जिल्हे. त्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. कोर्टानं फक्त शेवटचं खत बघायचं नाही. व्यवहार पहिल्यापासून उघडायचा. मूळ पैसे किती दिले, व्याज किती लागलं, फेड किती झाली, मुद्दलाचा आणि व्याजाचा हिशेब वेगवेगळा. म्हणजे कोर्टाला सांगितलं, कागदाच्या मागं जा.

यानं सगळं सुरळीत झालं का? नाही. काही सावकारांनी हात आखडता घेतला. काहींनी कर्जखताऐवजी थेट जमिनीचं विक्रीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. दर दाबला की कर्जच मिळेनासं होतं, हा बँकांचा आजचा युक्तिवादही तिथूनच दिसतो, आणि तो अगदीच खोटा नाही. तरी एक तत्त्व रुजलं, की व्याज अन्यायकारक असेल तर न्यायाधीश ते तपासू शकतो. १९१८ च्या कायद्यानं हे तत्त्व देशपातळीवर नेलं. १९४६ चा मुंबई सावकारी कायदा, मग महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा, सगळे त्याच वाटेवरचे. गावातल्या सावकाराला आज परवाना लागतो आणि व्याजाची मर्यादा पाळावी लागते.

आणि बँकेला? आता नीट ऐका.

सावकारी कायदे बँकांना लागू नाहीत. त्यांच्यासाठी बँकिंग नियमन कायदा आहे आणि त्यात १९८४ पासून एक कलम आहे, २१ अ. ते म्हणतं, बँकेनं लावलेला व्याजदर जास्त आहे एवढ्या कारणावरून कोणतंही कोर्ट तो व्यवहार परत उघडणार नाही. १८७९ मध्ये कोर्टाला सांगितलं, उघड. १९८४ मध्ये सांगितलं, उघडू नको. का? कारण तेव्हा बहुतेक कर्जांचे दर रिझर्व्ह बँकच ठरवत होती. दरावर नियामकाचा हात होता, मग कोर्टानं कशाला पडायचं? हे समजण्यासारखं आहे.

पण १९९४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं दोन लाखांवरच्या कर्जांचे दर बँकांवर सोडले, आणि पुढं हे स्वातंत्र्य वाढतच गेलं. नियामकाचा हात निघाला. कोर्टाचं दार मात्र बंद ते बंदच. क्रेडिट कार्ड नेमकं या फटीत वाढलं.

एकदा दार किलकिलं झालं होतं. जुलै २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं निकाल दिला, की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सुप्रीम कोर्टात गेल्या, निकालाला स्थगिती मिळाली. अंतिम निर्णय आला २० डिसेंबर २०२४ ला, सोळा वर्षांनी. सुप्रीम कोर्टानं ३० टक्क्यांची मर्यादा रद्द केली. सांगितलं, की हा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला, आयोगाला तो अधिकार नाही.

मग रिझर्व्ह बँक काय म्हणते? एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांत लिहिलंय, की दर समर्थनीय असावा, अवाजवी असू नये. आकडा नाही. दर बँकेच्या संचालक मंडळाच्या धोरणानं ठरतो. माझ्या फोनवरची ती मुलगी शब्दशः खरं बोलत होती!

रिझर्व्ह बँकेला मर्यादा घालता येत नाही असंही नाही. सूक्ष्म कर्जांवर तिनं २०११ मध्ये २६ टक्क्यांची मर्यादा घातली होती, नंतर ती काढली. म्हणजे अधिकार आहे, तो कार्डांसाठी वापरायचा नाही हा निर्णय आहे. आणि निर्णय आहे म्हटल्यावर त्याची कारणं विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. तारण नसलेलं कर्ज महाग असणार, हे मला पटतं. पण वर्षाला ४३ टक्के कशाच्या आधारावर, हे कुणीतरी हिशेब उघडून दाखवायला हवं. सुप्याच्या शेतकऱ्यांना मिळालेली तेवढीच एक गोष्ट आपल्याकडं आज नाही.

आता ॲप उघडा. आपल्या हातात काय आहे ते सांगतो. शुल्क बदलायचं तर बँकेनं निदान महिनाभर आधी कळवायला हवं. तो बदल नको असेल तर बाकी भरून, वेगळा दंड न देता कार्ड बंद करता येतं. बाकी फेडल्यावर बंद करायला सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त लावले, तर दिवसाला ५०० रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे. न भरलेलं शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायचं नाही. यातलं काही मोडलं तर आधी बँकेत लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा, त्यांचा नंबर १४४४८. फक्त 'दर जास्त आहे' एवढीच तक्रार तिथं टिकत नाही, पण हिशेब चुकलाय, कळवलं नाही, हे टिकतं.

मी काय केलं? मोडता येईल अशी एक छोटी मुदत ठेव होती, ती मोडली. त्यावर ७ टक्के मिळत होते, इथं ४३ जात होते. बिल पूर्ण भरलं. माझ्याकडं ती ठेव होती म्हणून जमलं. ज्याच्याकडं नाही, तो या महिन्यातही २,००० चं बटण दाबतोय. आपल्या ग्रुपमध्ये असा कुणी असेल, तर हा भाग त्याला पाठवा, आणि बिलातला व्याजाचा आकडा त्याच्यासोबत बसून बघा.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.