कानातली नागीण

नागीण कोणाला ठाऊक नाही? कमरेला फोडांचा पट्टा उठतो, अंगाची आग होते, आणि नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो, असे जुनी माणसे सांगत आली. ते काही खरे नव्हे. पण हीच नागीण कानात उठली, तर माणसाचे तोंड वाकडे करू शकते, हे मात्र अगदी खरे आहे.

चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूचे काम सर चार्ल्स बेल यांनी 1821 मध्ये लंडनला मांडले. तेव्हापासून एका बाजूचा चेहरा लुळा पडला की त्याला बेलचे नाव मिळे, आणि दोष बहुधा गार वाऱ्यावर जाई.

1907 मध्ये जेम्स रॅम्से हंट या अमेरिकन मज्जातज्ज्ञाने निराळा विचार केला. त्याने चेहऱ्याबरोबर कानही पाहिला. काही रोग्यांच्या कानात बारीक फोड होते. चेहऱ्याचा मज्जातंतू कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जातो. तिथे गुडघ्यासारखे एक वळण आहे, आणि त्या वळणावर पेशींची एक गाठ. हंट म्हणाला, फोड आणि लुळेपणा हे दोन आजार नव्हेत; दोन्हींचे मूळ या गाठीच्या दाहात आहे. शेजारूनच श्रवणाचा मज्जातंतू जातो, म्हणून कोणाला ऐकू कमी येते, कोणाला चक्कर येते.

पण दाह कशाने? लहानपणच्या कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू एकच, हे 1950 च्या दशकात टॉमस वेलर यांच्या प्रयोगांनी पक्के झाले. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू जात नाही; तो मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो आणि प्रतिकारशक्ती खालावली की जागा होतो. इंग्लंडमधले साधे गावडॉक्टर होप-सिम्पसन यांनी 1965 मध्ये ही उपपत्ती नीट मांडली. पुढे त्यावर असायक्लोव्हिर हे औषध आले. ते शोधणाऱ्यांपैकी गर्ट्रूड एलियन यांना 1988 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कामाची गोष्ट. हे औषध शक्यतो पहिल्या तीन दिवसांत सुरू व्हावे लागते. या आजारात चेहरा पूर्ववत होण्याची शक्यता बेलच्या पक्षाघाताहून कमी, म्हणून एकेक दिवस मोलाचा. पापणी मिटत नसेल तर डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते. तोही जपावा लागतो. आणि आपण काय करतो? नागिणीवर लेप लावतो, मंत्र घालतो, ‘वारा लागला, उतरेल’ म्हणतो. त्यातच ते तीन दिवस जातात.

म्हणून घरात कोणाचे तोंड वाकडे दिसले, तर हंटने केले तेच करा. आधी कान पाहा, आणि फोड दिसोत वा न दिसोत, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.