मोतीबिंदू शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात होणारी गुठळी : औषधोपचार

मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवल्यावर काही डोळ्यांत बाहुलीपाशी फायब्रिनचा पांढुरका पापुद्रा धरतो, तर काहींत रक्त साकळते. शस्त्रक्रियेच्या दाहामुळे बारीक रक्तवाहिन्यांतून फायब्रिनोजेन पाझरते आणि थ्रोम्बिन त्याचे धागे विणते. मधुमेही, जुना नेत्रदाह असलेले रुग्ण आणि लहान मुले यांना हा धोका अधिक.

औषधाआधी निदान महत्त्वाचे. वाढती वेदना, लाली, झपाट्याने घटणारी दृष्टी आणि डोळ्यात साचलेला पू ही जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात. तशी शंका आली की नेत्रजलाचा नमुना घेऊन व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम डोळ्याच्या आत टोचतात. तिथे थांबायला वेळ नसतो. उदाहरणार्थ, कोलकात्यात कॉलेज स्ट्रीटवर, १८३५ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात विभागीय नेत्रचिकित्सा संस्था आहे. अशा रुग्णालयात लोकलने सियालदह स्थानकावर उतरून येणाऱ्या रुग्णाला घरी सोडताना ही लक्षणे त्याच्या भाषेत सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

संसर्ग नसेल तर भिस्त स्टेरॉइडवर. प्रेडनिसोलोनचे थेंब, दाह तीव्र असल्यास तासातासाला, आणि सोबत बाहुली मोठी ठेवणारे ॲट्रोपिन किंवा होमॅट्रोपिन. त्यामुळे बाहुली भिंगाला चिकटत नाही. बहुतेक पापुद्रे एवढ्यानेच विरतात.

हटवादी पापुद्र्यासाठी अल्टेप्लेज आहे. अमेरिकेत १९८७ मध्ये हृदयविकारासाठी मान्यता मिळालेले हे औषध प्लाझ्मिन जागे करून फायब्रिन विरघळवते. हृदयासाठी सुमारे १०० मिलिग्रॅम लागते. डोळ्यात साधारण १० ते २५ मायक्रोग्रॅम पुरते. म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या एका कुपीत २५ मायक्रोग्रॅमच्या दोन हजार मात्रा! एका रुग्णासाठी महागडी कुपी फोडणे परवडत नाही, म्हणून निर्जंतुक वातावरणात छोट्या सिरिंजा भरून त्या अतिथंड तापमानात ठेवण्याची पद्धत आहे. डोळ्यासाठीचा हा वापर परवान्याबाहेरचा आहे. शस्त्रक्रियेनंतर लगेच दिल्यास रक्तस्रावाची भीती असल्याने दोन-तीन दिवस वाट पाहतात. औषध लागू पडले तर पापुद्रा बहुधा काही तासांत सुटतो. न सुटल्यास याग लेसरने त्याला छेद देतात.

साकळलेल्या रक्ताचे गणित उलटे. तिथे डोके उंच ठेवून विश्रांती, स्टेरॉइड, आणि डोळ्यातला दाब चढला तर टिमोलॉल वा ॲसिटाझोलामाइड. पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका वाटल्यास काही डॉक्टर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड देतात. ते गुठळी विरघळू देत नाही. दाब उतरेना किंवा रक्ताने पारपटल डागाळू लागले, तर डोळ्याची पुढची पोकळी धुऊन काढावी लागते.