नांगर आणि टी-शर्ट

परवा ठाकुर्लीच्या आमच्या बिऱ्हाडी पुतण्या दोन भागीदारांसह हजर झाला. तिघांच्या अंगात काळे टी-शर्ट, तिघांची दाढी एकाच मापाची.

"काका, स्टार्टअप काढतोय. एकदम वेगळं! थोडं भांडवल हवंय."

"वेगळं म्हणजे?"

"सगळ्यांचं असतं तसं ॲप!"

आता, इतिहास ऐकवल्याशिवाय पैसे सोडील तो काका कसला? मी सुरू झालो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. १९०३ साली लोखंडी नांगर केला, तर शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन नासते! नांगर पडून राहिले, माणूस हटला नाही. १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

"वेगळेपण हे असं! सदऱ्यात नसतं ते."

पुतण्या शांतपणे म्हणाला, "काका, तेव्हा तुम्ही तो नांगर घेतला असतात?"

माझी बोलतीच बंद. जन्मभर एकाच लोकलच्या एकाच डब्यात उभा राहिलेला मी! मुकाट्यानं चेकबुक काढलं. सही मात्र राहिलीय. म्हटलं, शेजारच्या नानांनी आपल्या भाच्याला किती दिले, ते आधी विचारून यावं.