पैज, कोळसा आणि ‘ह्यू लिंडसे’ : यंत्रनौकांच्या एका नव्या वर्गाचा जमाखर्च

सन २०१७च्या मार्च महिन्यांत मुंबईस मरीन ड्राइव्हसमोरच्या समुद्रांत यंत्रनौकांच्या शर्यती झाल्या. त्या शर्यतींत सर्व नौका एकाच घडणीच्या होत्या. शर्यतीचा नवीन ‘वर्ग’ काढणें म्हणजे प्रथम नियम बांधणें होय : नौका केवढी असावी, यंत्र किती शक्तीचें असावें, अंतर व मुदत किती. हे नियम बांधणारास मग लवकरच कळून येतें कीं, खरा प्रश्न वेगाचा नसून पैशाचा आहे. सर्वांस एकच नौका द्यावी ही युक्तीहि बव्हंशीं खर्च आवरण्यासाठींच निघालेली आहे. ही गोष्ट आम्हांस नवी वाटते. पण हिंदुस्थानच्या सागरी इतिहासांत असा एक वर्ग सुमारें दोनशें वर्षांपूर्वींच निघाला होता, त्यास लाख रुपयांची पैज लागली होती, आणि त्याच्या खर्चाबद्दल मुंबई व लंडन यांमध्यें कडाक्याचा वाद झाला होता. त्या वादाचा हिशेब मांडण्याचें येथें योजिलें आहे.

हें टिपण आम्ही बीड जिल्ह्यांतील पाटोदें येथें बसून लिहीत आहों. मांजरा नदी याच तालुक्यांत उगम पावते, आणि उगमाजवळच्या तिच्या पात्रांत उन्हाळ्यांत होडीहि तरंगणार नाहीं. अशा मुलखांतील वाचकास आगबोटींशीं काय कर्तव्य, अशी शंका कोणी घेईल. पाटोदें त्या काळीं निजामाच्या राज्यांत होतें. परंतु शेजारचा अहमदनगर जिल्हा सन १८१८ नंतर कंपनीकडे आला, आणि तेथील ज्वारीच्या शेतांचा सारा मुंबई सरकारच्या ज्या तिजोरींत जाई, त्याच तिजोरींतून सुवेझच्या वाटेवरील कोळशाचे पैसे निघत. घाटावरील कुणब्याचा समुद्राशीं एवढा संबंध पुरेसा आहे.

प्रथम पैजेची हकीकत. सन १८२३ मध्यें कलकत्त्याच्या युरोपियन रहिवाश्यांनीं सभा भरवून इंग्लंड व बंगाल यांमध्यें वाफेच्या जहाजांचें दळणवळण सुरू करणारास बक्षीस द्यावयाचें ठरविलें. लेफ्टनंट जेम्स हेन्री जॉन्स्टन हा त्या उद्योगाचा पुरस्कर्ता होता. वर्गणी जमली, सरकारनें वीस हजार रुपये दिले, आणि बक्षिसाचा आंकडा एक लाख ठरला. अटी पाहिल्या तर त्या हुबेहुब शर्यतीच्या नियमांसारख्या दिसतात : जहाज तीनशें टनांहून लहान नसावें, सन १८२६ अखेरच्या आंत जाण्यायेण्याच्या दोन दोन सफरी व्हाव्या, आणि प्रत्येक सफरीस सरासरीनें सत्तर दिवसांहून अधिक काळ लागूं नये. शिडाच्या जहाजास केपच्या वळशानें चार ते सहा महिने लागत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे सत्तर दिवसांची अट किती धाडसाची होती तें कळेल.

या पैजेसाठीं जॉन्स्टननें ‘एंटरप्राइझ’ नांवाची बोट आणिली. ती डेप्टफर्ड येथें बांधली गेली. तिच्यांत साठ अश्वशक्तीचीं दोन यंत्रें होतीं. ती १८२५च्या १६ ऑगस्टला फाल्मथहून निघाली आणि डिसेंबरच्या आरंभीं हुगळीच्या मुखाशीं पोंचली. म्हणजे एकशें तेरा-चौदा दिवस लागले. यांपैकीं यंत्र जेमतेम दोन महिने चाललें. बाकीचे दिवस शिडांनीं व नांगरानें घेतले. पैज अर्थात् हुकली. आतां तिचा जमाखर्च पाहा. बोटीची किंमत सुमारें त्रेचाळीस हजार पौंड, म्हणजे तत्कालीन दरानें चार लाखांवर रुपये. पैज एक लाखाची! जिंकली असती तरी चौथाई खर्चहि निघाला नसता. मालकांचें नशीब एवढेंच कीं, त्याच सुमारास ब्रह्मदेशाशीं युद्ध चाललें होतें, आणि बंगाल सरकारला नदींत चालणाऱ्या बोटींची निकड होती. सरकारनें ती चाळीस हजार पौंडांस विकत घेतली. व्यापारी धाडसाचें नुकसान अशा रीतीनें लष्करी खात्यावर गेलें. पुढें पुनःपुन्हां हेंच घडलेलें दिसतें.

मुंबईची गोष्ट निराळी होती. कलकत्तेकरांचें लक्ष केपकडे लागलें असतां मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें सन १८२३ मध्येंच तांबड्या समुद्राच्या वाटेनें बोट चालवावी अशी सूचना केली होती. नकाशा पाहिला तर ही सूचना स्वाभाविक वाटते. मुंबईहून एडन सुमारें सोळाशें चाळीस सागरी मैल. तेथून पुढें सुवेझ. मग थोडी खुष्कीची वाट. आणि पुढें भूमध्यसमुद्र. शिवाय मुंबईस गोदी होती. तेथील वाडिया घराण्यांतील सुतार मलबारी सागवानाचीं जहाजें इतकीं उत्तम बांधीत कीं, इंग्रजी आरमारानें आपल्या युद्धनौका त्यांजकडून बांधवून घेतल्या. सन १८१७ मध्यें जमशेटजी बमनजींनीं पाण्यांत लोटलेली ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्यापि जतन करून ठेविलेली आहे.

याच किनाऱ्यावर वेगाचा जुना हिशेब कसा होता तेंहि सांगितलें पाहिजे. मराठी आरमारांतील गलबत म्हणजे हलकें, उथळ, शिडाबरोबरच चाळीस-पन्नास वल्हीं मारणारें जहाज. वारा पडला म्हणजे मोठीं जहाजें जागच्या जागीं राहत आणि गलबतें वल्ह्यांवर त्यांस गांठीत. यांतील वेगाची किंमत म्हणजे वल्हेकऱ्यांचा शेर व रोजमुरा. ती जागच्या जागीं भागविली जाई. विजयदुर्गाच्या धुळपांचें आरमार सन १८१८ मध्यें संपलें, आणि त्यानंतर अकरा वर्षांनीं मुंबईच्या गोदींतून वाफेचें जहाज पाण्यांत उतरलें. या नव्या वेगाचें इंधन मात्र कोंकणांत मिळत नव्हतें. इंग्लंडांतील खाणींतून निघून केपच्या वळशानें शिडाच्या जहाजांतून तें मुंबईस येई. आमच्या मतें पुढील सर्व भानगडीचें मूळ येथेंच आहे.

‘ह्यू लिंडसे’ ही बोट १८२९च्या ऑक्टोबरांत नवरोजी जमशेटजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं तयार झाली. भार ४११ टन. ८० अश्वशक्तीचीं दोन यंत्रें, तीं विलायतेहून आलेलीं. नांव कंपनीच्या एका अध्यक्षाचें ठेविलें. यावरून संचालकांस प्रसन्न करण्याचा हेतु होता असें कोणी म्हणेल; तो असल्यास सिद्धीस गेला नाहीं.

बोटीच्या रचनेंतच एक मोठी खोट होती. तिच्या पोटांत साडेपांच दिवस पुरेल एवढ्याच कोळशाची सोय केलेली होती. आणि एडन तर अकरा दिवसांच्या वाटेवर! कमांडर जॉन विल्सन यानें यावर उपाय काढला तो असा कीं, जेथें जागा सांपडेल तेथें कोळसा भरावा. उतारूंच्या खोल्या भरल्या, डेक भरलें, आणि बोट नेमल्या खुणेच्या दोन फूट खालीं बसली. उतारूंसाठीं काढलेल्या बोटींत उतारूंस जागा उरली नाहीं. अशा स्थितींत ती १८३०च्या २० मार्च रोजीं मुंबईहून निघाली. एडनला पोंचली तेव्हां कांहीं तासांपुरताच कोळसा शिल्लक होता. एक दिवस समुद्र विरुद्ध लागता तर या सर्व प्रयोगाचा शेवट अरबी समुद्रांतच झाला असता. वेग ताशीं सहा सागरी मैलांच्या थोडा वर पडला.

पुढच्या टप्प्यांवर कोळसा आधींच पाठविलेला होता. आणि तो कशांतून, तर शिडाच्या जहाजांतून! म्हणजे वाफेच्या बोटीनें एकदां जावें यासाठीं शिडाच्या जहाजांनीं तीच वाट आधीं चालावयाची. एडन येथें माणसांच्या तुटीमुळें कोळसा भरण्यासच कित्येक दिवस मोडले. बोट सुवेझला २२ एप्रिलला पोंचली. एकूण दिवस तेहेतीस. त्यांपैकीं यंत्र चाललें तें सुमारें एकवीस दिवस. राहिलेले बारा दिवस बंदरांत गेले. वेगाच्या शर्यतींत एकतृतीयांशाहून अधिक वेळ कोळशाच्या टोपल्यांनीं घेतला असें म्हणावयास हरकत नाहीं. बोटीनें नेलेलीं पत्रें सुमारें तीनशें होतीं. त्यांच्या टपालहंशिलांतून त्या कोळशाचा कितवा भाग निघाला असेल, याचा अजमास वाचकांनींच करावा.

तरीहि मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें ही सफर यशस्वी मानिली, आणि १८३०च्या डिसेंबरांत स्वदेशीं परततांना तो याच बोटीनें निघाला. माल्कम हा मराठ्यांच्या इतिहासास परका नाहीं. सन १८१८ मध्यें दुसऱ्या बाजीरावास शरण आणून सालीना आठ लाखांची नेमणूक कबूल करणारा तोच. आणि त्या आठ लाखांबद्दल वरिष्ठांनीं त्याच्यावर उधळेपणाचा ठपका ठेविला होता. आतां आगबोटीवरूनहि त्यास तेंच ऐकावें लागलें. संचालकांचें म्हणणें असें कीं, खर्च अतोनात आहे, उत्पन्न नाममात्र आहे, सबब या सफरी चालवूं नयेत. मुंबईनें पुढेंहि अधूनमधून बोट पाठविली, आणि विलायतेहून पुन्हां पुन्हां नाराजीचीं पत्रें आलीं.

या वादांत इतिहासलेखक बहुधा मुंबईची बाजू घेतात व संचालकांस कोत्या बुद्धीचे ठरवितात. आम्हांस हा निवाडा एकतर्फी वाटतो. मुंबई इलाखा त्या काळीं तुटींत चालत असे. त्याची तूट बंगालच्या वसुलांतून भरून निघे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यापुढें ‘ह्यू लिंडसे’चें यंत्र टिकत नसे, म्हणून पावसाळ्यांत ती वाट बंदच. वर्षांतून एखाददुसरी सफर करणारी बोट ही टपालाची सोय नव्हे, तो प्रयोग होय. आणि प्रयोगाचा पैसा कोणाचा, हा संचालकांचा प्रश्न रास्त होता. त्यांचा दोष निराळा आहे. जलद टपालाचा मुख्य लाभ लंडनच्या व्यापाऱ्यांस व सरकारास व्हावयाचा होता. त्यांनीं खर्चांत वांटा उचलावा असें संचालकांनीं त्याच वेळीं आग्रहानें मांडावयास हवें होतें. तसें न होतां सात वर्षें हिंदुस्थानच्या तिजोरीनें एकटीनें भार वाहिला. पार्लमेंटाची समिति १८३४ सालीं बसली. ब्रिटिश सरकारानें वांटा उचलण्याचें १८३७ सालीं ठरलें. आणि त्याच सुमारास ‘अटलांटा’ व ‘बेरेनिस’ या दोनशें अश्वशक्तींहून अधिक जोराच्या बोटी मुंबईस आल्या. तेव्हां कोठें हा वर्ग खऱ्या अर्थानें सुरू झाला.

मुंबईच्या कारागिरांनीं मात्र या सात वर्षांत वेळ दवडला नाहीं. वाडिया घराण्यांतील अर्देसर कर्सेटजी (जन्म १८०८) या तरुणानें प्रथम एक अश्वशक्तीचें वाफेचें यंत्र स्वतः तयार करून विहिरीचें पाणी उपसण्यास लाविलें, आणि १८३३ सालीं ‘इंडस’ ही लहानशी आगबोट पाण्यांत सोडली. तो १८३९ सालीं विलायतेस गेला. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचा सभासद निवडला गेला, आणि हा मान मिळविणारा तो पहिला हिंदी मनुष्य होय. पुढें मुंबईच्या वाफयंत्रांच्या कारखान्यावर मुख्य इंजिनियर म्हणून त्याची नेमणूक झाली. त्याचे आप्त जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे त्याच्याहि आधीं, १८३८ सालीं, चॅथमच्या गोदींत शिकण्यास गेले होते. त्याच चॅथम गांवीं खुष्कीच्या टपालवाटेचा पुरस्कर्ता टॉमस वॅगहॉर्न याचा पुतळा आहे. सागवानाच्या जहाजांत वाफेचें यंत्र बसवून तें समुद्रांत चालतें करणाऱ्या नवरोजी जमशेटजींचें नांव त्या मानानें कितीशा लोकांस ठाऊक आहे?

राहतां राहिला कोळसा. बोटी मोठ्या झाल्या, तसा कोळशाचा सांठाहि मोठा लागूं लागला. आणि तो दुसऱ्याच्या बंदरांत ठेवणें मुंबई सरकारास धोक्याचें वाटूं लागलें. एडनजवळ फुटलेल्या एका जहाजाच्या लुटीचें निमित्त झालें. कॅप्टन हेन्स यानें तेथील सुलतानाशीं बंदराच्या खरेदीचीं बोलणीं चालविलीं, तीं फिसकटलीं, आणि १९ जानेवारी १८३९ रोजीं ‘व्होलेज’ व ‘क्रूझर’ या युद्धनौका व मुंबईची फौज यांनीं एडन घेतलें. त्या काळच्या मुंबई फौजेंत कोंकणपट्टींतील लोकांचा भरणा मोठा असे. ज्या ठिकाणीं नऊ वर्षांपूर्वीं विल्सनची बोट रिकाम्या कोठारानें येऊन लागली होती, तेथें आतां शिबंदी, तोफखाना, तटबंदी व पाण्याची तरतूद यांचा कायमचा खर्च सुरू झाला. टपालाच्या हिशेबांत हा खर्च धरीत नसत. मुंबई–सुवेझ टपालाचें काम १८५४ सालीं पी. अँड ओ. कंपनीनें घेतलें, सरकारी बोटी त्या वाटेवरून निघाल्या. एडनचा कारभार मात्र मुंबई इलाख्याकडेच राहिला, तो थेट सन १९३२ पर्यंत.