रद्दीचा भाव आणि पोथ्यांचा राखणदार

पोस्ट लांब आहे, पण सवड काढून वाचा. विषय आपल्या घरातल्या जुन्या कागदांचा आहे.

2023 साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि अख्ख्या मराठवाड्याला एकदम जुनी कागदं आठवली. आरक्षणाच्या प्रश्नावर तुमची बाजू कोणतीही असो, तो वाद आज इथे नको. पण तेव्हा काय दिसलं ते आठवा. निजामाच्या काळातल्या नोंदी काही उर्दूत, काही फारसीत, काही मोडीत. वाचणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. समितीला हैदराबादला जावं लागलं.

तेव्हा मलाही आमच्या माळ्यावरची ट्रंक आठवली. पणजोबा-आजोबांची कागदं होती त्यात. मग लक्षात आलं, सात-आठ वर्षांपूर्वी घराला रंग देताना ती ट्रंक आपणच रिकामी केली. किलोवर गेली सगळी. मोडी कुणाला येत नव्हती, उर्दू कुणाला येत नव्हती. "वाळवी लागण्यापेक्षा गेलेली बरी," असं म्हणून मीच काटा धरला होता. पैसे किती आले तेही आता आठवत नाही.

त्या चुटपुटीतून मी वाचायला लागलो आणि एका माणसापाशी येऊन थांबलो. परशुराम कृष्ण गोडे. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही.

गोडे मूळचे देवरुखचे. जन्म 1891 चा. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था 1917 ला सुरू झाली. मुंबई सरकारने 1866 पासून गावोगाव पंडित पाठवून गोळा केलेल्या पोथ्या तोवर डेक्कन कॉलेजात होत्या, त्या 1918 ला या संस्थेकडे आल्या. हजारो पोथ्या! त्यांची देखभाल करायला 1919 ला गोडे आले आणि 1961 ला वारले तोवर तिथेच राहिले. एक माणूस, एक नोकरी, बेचाळीस वर्षं. पोथी काढून द्यायची, परत आली की पानं मोजून ठेवायची, देशोदेशीच्या अभ्यासकांच्या पत्रांना उत्तरं लिहायची. काम म्हटलं तर कारकुनाचं.

पण या माणसाला एक खोड होती. पोथी हातात आली की ती वाचायची आणि वेगळेच प्रश्न विचारायचे. राजा कोण, लढाई कोणती, हे तर सगळेच विचारतात. गोड्यांचे प्रश्न बघा: आपल्याकडे चष्मा कधी आला? मका कधी आला? दिवाळीत दारू उडवायला कधी लागलो? घोड्याला चंदी म्हणून हरभरा कधीपासून घालतात? मच्छरदाणी? अत्तर? बायकांच्या नाकातली नथ? अशा विषयांवर त्यांनी शेकडो लेख लिहिले. भारतीय वाङ्मयाच्या आणि संस्कृतीच्या इतिहासावरचे त्यांचे लेखसंग्रह आजही जगभरचे विज्ञान-इतिहासकार चाळतात.

आता एकच उदाहरण नीट सांगतो, कारण त्यात आपला मराठवाडा आहे.

आतषबाजीवरचा त्यांचा निबंध 1953 ला निघाला. काळ धरला आहे 1400 ते 1900. त्यात त्यांनी साक्षीदार एकामागून एक उभे केलेत. 1443 च्या सुमारास इराणचा वकील अब्दुर रझाक विजयनगरात होता, त्याने महानवमीची आतषबाजी लिहून ठेवली. त्यानंतर ओडिशाचा गजपती राजा प्रतापरुद्र, राज्यकाळ 1497 ते 1539. त्याच्या नावावरच्या 'कौतुकचिंतामणि' या संस्कृत ग्रंथात चक्क कृती आहेत. गंधक, सोरा, कोळसा, लोखंडाचा कीस. चंद्रज्योती, चंपाबाण, कल्पवृक्षबाण अशी नावं.

आणि तिसरे साक्षीदार कोण? पैठणचे नाथ महाराज. एकनाथांनी 1571 ला 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केलं. त्यात लग्नाच्या वर्णनात दारूकाम उडतं. एखादा म्हणेल, बघा, कृष्णाच्या काळात फटाके होते! गोडे तसं म्हणत नाहीत. कवी जुनी गोष्ट सांगतो तेव्हा लग्न स्वतःच्या डोळ्यांसमोरचं रंगवतो. म्हणजे नाथांच्या ओव्यांवरून द्वारकेतलं काही कळत नाही, पण सोळाव्या शतकातल्या थोरामोठ्यांच्या लग्नात काय उडायचं ते पक्कं कळतं. हीच गोड्यांची रीत. पोथी कुणाची, नक्कल कधीची, शेवटच्या पुष्पिकेत शक कोणता, यात कुणाचा उल्लेख येतो आणि याचा उल्लेख पुढे कोण करतो. दोन्हीकडून दोर आवळत आणायचा. अभिमान वाटो की वाईट वाटो, कागद म्हणेल तेवढंच बोलायचं.

नथीचं तसंच. त्यांनी संस्कृत ग्रंथ धुंडाळले आणि लिहिलं की इसवी सन 1000 च्या आधी या दागिन्याचा धड पुरावा सापडत नाही. तो काळ 1938-39 चा. नथ म्हणजे आपलं परंपरेचं भूषण, कुणाला हे रुचलं नसेल. पण शेकडो ग्रंथ चाळून बोलणाऱ्या माणसाला "असं कसं" म्हणायचं तर आधी एक तरी उल्लेख दाखवावा लागतो.

चष्म्याचा पुरावा त्यांना एका चरित्रात सापडला. विजयनगरचे माध्व आचार्य व्यासराय 1520 च्या सुमारास चष्मा लावून ग्रंथ वाचत होते, असं त्यांच्याच काळातल्या सोमनाथ कवीने लिहिलंय. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने बारीकशी गोष्ट. पण तेवढ्या एका जागेमुळे इटलीत तेराव्या शतकाच्या शेवटी निघालेली वस्तू आपल्याकडे केव्हा पोचली होती त्याचा पत्ता लागतो.

आता आपल्याकडे या. गोदावरीकाठच्या पार्थपुरात, म्हणजे आपल्या पाथरीत, ज्ञानराज नावाचा ज्योतिषी होऊन गेला. त्याने 1503 ला 'सिद्धांतसुंदर' लिहिला. ग्रहगणिताचा ग्रंथ. त्याचं इंग्रजी भाषांतर 2014 ला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने छापलं. पाथरी नायगावहून अर्ध्या दिवसाची वाट, पण ज्ञानराजाचं नाव आपल्या किती लेकरांना सांगता येईल? हा ग्रंथ वाचला कारण कुणीतरी नकला केल्या आणि कुणीतरी त्या फडक्यात बांधून ठेवल्या. जे बांधून ठेवलं नाही त्याची यादी कुणाकडेच नाही.

आणि ठेवलेलंही सुरक्षित असतंच असं नाही. 5 जानेवारी 2004 ला याच भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली. गोड्यांनी बेचाळीस वर्षं जपलेलं घर ते.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरात कुठली आलीय पोथी? नसू द्या. गोड्यांनी स्वयंपाकाच्या कृती, औषधांच्या याद्या, खर्चाचे हिशेबसुद्धा टाकाऊ मानले नाहीत. आपल्याकडचे प्रश्न बघा. ज्वारीचं पहिलं हायब्रीड, सीएसएच-1, देशात 1964 ला आलं. नायगावच्या शिवारात ते पहिल्यांदा कुणी पेरलं? किती झालं? भाकरी कशी लागली? 72 च्या दुष्काळात कोणत्या विहिरीला पाणी टिकलं? पिवळी ज्वारी, साळ, करडई मागे पडून सोयाबीन कोणत्या वर्षी शिवारभर झालं? याची उत्तरं बियाण्याच्या पावत्यांत, सोसायटीच्या पासबुकांत, आडतीच्या पट्ट्यांत, आजोबांच्या डायरीत आहेत. आपल्या भागाच्या विज्ञानाचा इतिहास तोच. आणि तो दर दिवाळीला रद्दीत चाललाय.

म्हणून हात जोडून सांगतो. साफसफाईत जुना कागद निघाला तर लगेच देऊ नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, कागद कायमचा बाद होतो. उजेडात मोबाईलने फोटो काढा. कागद कुणाचा, कुठे सापडला, एवढ्या दोन ओळी लिहून ठेवा. कोरड्या सुती फडक्यात बांधून ओल नसेल तिथे ठेवा. वाचता येत नाही म्हणून फेकू नका, मोडी शिकायला काही महिने पुरतात.

आणि एक मागणी लोकप्रतिनिधींकडे आणि विष्णुपुरीच्या आपल्या विद्यापीठाकडे. तालुक्याच्या ठिकाणी एक कोरडी खोली, एक स्कॅनर, मोडी-उर्दू जाणणारं एक माणूस. सभामंडपाच्या खर्चापुढे हे काहीच नाही. पुढच्या वेळी नोंदी शोधायची वेळ आली तर निदान कुठे जायचं हे तरी ठाऊक असेल.

माझी ट्रंक गेली. तुमची अजून माळ्यावर असेल तर आज रात्री एकदा उघडून बघा. काय निघालं ते खाली लिहा.