न निघालेल्या धुराचा व्यापार

शिरपुराहून धुळें गांठून पुढें साक्रीच्या बाजूस निघालेल्या प्रवाशास ब्राह्मणवेलच्या पठारावरील पवनचक्क्या दुरूनच दिसूं लागतात. त्यांची वीज येथल्याच तारांतून वाहते. परंतु अशा चक्क्यांचा दुसरा एक जिन्नस कांहीं वर्षें युरोपांत विकला जाई, हें त्यांच्या पायथ्याशीं गुरें चारणारास क्वचितच ठाऊक असेल. तो जिन्नस म्हणजे न निघालेला धूर.

१९९७ सालच्या क्योटो येथील करारानें श्रीमंत राष्ट्रांवर धूर आवरण्याचें बंधन घातलें. तो १६ फेब्रुवारी २००५ रोजीं अंमलांत आला. घरचा धूर आवरणें ज्यास महाग पडे, त्यानें हिंदुस्थानासारख्या देशांत धूर वांचविणाराकडून दाखले विकत घ्यावेत, एका टनास एक दाखला, अशी सोय त्यांत होती.

आमच्याकडील व्यापाऱ्यांनीं ही संधि दवडली नाहीं. तुलसी तांती यांचा मूळ धंदा कापडाचा. विजेचा खर्च नफा गिळूं लागला, तेव्हां त्यांनीं स्वतःपुरत्या दोन चक्क्या घेतल्या, आणि १९९५ सालीं सुझलॉन कंपनी काढली. जागा, यंत्र, तारा, देखभाल, सर्व कांहीं कंपनीनें पाहावें, घेणारानें केवळ भांडवल घालावें, ही तिची रीत. त्यामुळें वाऱ्याशीं ज्यांचा कधीं संबंध नव्हता असे कारखानदारही चक्क्यांचे धनी झाले. पहिल्याच वर्षीं ८० टक्के घसारा वजा होऊन प्राप्तीवरील कर वांचे, हें त्याचें खरें कारण. (साक्रीच्या डोंगरांत ज्यांच्या ताब्यांतील वनजमिनीचा प्रश्न निघाला, त्या आदिवासींस मात्र हा हिशेब कोणी समजावून दिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.)

येथेंच एक मौज झाली. दाखला मिळविण्यासाठीं, त्याच्या पैशावांचून हें काम उभेंच राहिलें नसतें, असें सिद्ध करावें लागे. म्हणजे सावकारापुढें जो धंदा किफायतीचा म्हणून मांडावयाचा, तोच संयुक्त राष्ट्रांच्या मंडळापुढें आंतबट्ट्याचा ठरवावयाचा! ह्यास आम्ही लबाडी म्हणत नाहीं. नियमच तसें बोलावयास शिकवीत होता.

रकमाही पाहाव्यात. सव्वा मेगावॅटची चक्की वर्षाचा पांचवा हिस्सा पूर्ण जोरानें चालली असें धरिलें, तर सुमारें २२ लक्ष युनिट वीज व त्यापायीं २ हजार टनांच्या आसपास दाखले. २००८ सालीं दाखल्यास २० युरोंवर भाव होता. तेव्हां ४० हजार युरो. पुढें युरोपांत मंदी आली, दाखल्यांचा पूर लोटला, आणि २०१२ च्या अखेरीस भाव अर्ध्या युरोच्याही खालीं गेला. चाळीस हजारांचे एक हजारही राहिले नाहींत.

चक्क्या मात्र थांबल्या नाहींत. उलट त्याच २०१२ च्या एप्रिलपासून घसाऱ्याची जादा सवलत व युनिटामागील अनुदान दोन्ही गेलीं, तेव्हां देशांत नव्या चक्क्या उभारण्याचें प्रमाण एका वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलें. २०१४ सालीं सवलत परत द्यावी लागली. कंपन्यांस हालविणारें बळ क्योटोचें कीं प्राप्तिकराचें, हें ह्यावरून उघड आहे.

२०२२ सालीं ऊर्जासंवर्धनाचा कायदा दुरुस्त झाला, व २८ जून २०२३ रोजीं कर्बदाखल्यांची देशी योजना जाहीर झाली. तींत दूरच्या डोंगरावरची चक्की दाखवून भागणार नाहीं. मोठ्या कारखान्यानें आपल्याच चिमणीचा हिशेब द्यावयाचा आहे. तथापि तो हिशेब दर टन मालामागें किती वायु निघाला, असा आहे. माल दुप्पट काढला तर एकूण धूर वाढूनही कारखाना नियमांत बसूं शकेल. योजनेच्या यादींत कापडधंदाही आहे, आणि शिरपूर हें सूतगिरण्यांचें गांव आहे.