शिअरसन : विलीनीकरणांतून वाढलेली दलाली पेढी

अमेरिकेतील ‘शिअरसन, हॅमिल अँड कंपनी’ ही दलाली पेढी १९०२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. मात्र हे नाव पुढे ज्या पेढीमुळे गाजले, ती १९६० मध्ये चार तरुण दलालांनी काढलेली वेगळीच पेढी होती. त्या चौघांपैकी सँडी वाइल हे पुढे सर्वांत प्रसिद्ध झाले.

या पेढीचे बळ ग्राहकांच्या संख्येत नव्हते. ते हिशेबाच्या खात्यात होते. साठच्या दशकाच्या अखेरीस शेअरबाजारातील उलाढाल इतकी वाढली, की कागदी प्रमाणपत्रांचा निपटारा जुन्या पेढ्यांच्या आवाक्याबाहेर गेला. ढीग उपसण्यासाठी १९६८ मध्ये न्यूयॉर्कचा बाजार कित्येक महिने दर बुधवारी बंद ठेवावा लागला. पाठोपाठ मंदी आली आणि नामांकित पेढ्या कोलमडू लागल्या. वाइल यांच्या पेढीने मात्र नोंदींचे काम स्वतःकडे घेऊन चोख बसवले होते.

पहिला मोठा घास होता ‘हेडन, स्टोन’चा. १९७० मध्ये या जुन्या पेढीचे निलंबन टाळायचे, तर तिला कर्ज देणाऱ्या सर्वांची संमती हवी होती. ओक्लाहोमातील एक उद्योजक अडून बसला आणि बाजार उघडण्यास काही मिनिटे उरली असताना राजी झाला. त्यानंतर १९७४ मध्ये ‘शिअरसन, हॅमिल’ आणि १९७९ मध्ये ‘लोब, ऱ्होड्स’ आली. दरम्यान १ मे १९७५ रोजी ठरीव दलालीची पद्धत रद्द झाली, नफा घटला आणि लहानमोठ्या पेढ्यांना आधार शोधणे भाग पडले. वाइल यांची रीत ठरलेली होती : जुनी प्रतिष्ठित पाटी ठेवायची, हिशेबाचे खाते एकच करायचे आणि दुबार ठरलेल्या नोकऱ्या कमी करायच्या. नावे इतिहासात राहिली. त्या कारकुनांची नोंद फारशी कोणी ठेवली नाही.

१९८१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसने सुमारे ९३ कोटी डॉलरचे समभाग देऊन ही पेढी घेतली. १९८४ मध्ये ३६ कोटी डॉलरला ‘लेहमन ब्रदर्स’ तिला जोडली गेली. पुढच्याच वर्षी वाइल बाहेर पडले. १९८७ च्या पडझडीनंतर ‘ई. एफ. हटन’ सुमारे १०० कोटी डॉलरला घेण्यात आली. या हटनने १९८५ मध्येच धनादेशांच्या गैरव्यवहारात न्यायालयापुढे गुन्हा कबूल केला होता. हा घास मात्र पचला नाही. १९९० मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसला पेढी सावरण्यासाठी १०० कोटींहून अधिक डॉलर ओतावे लागले.

अखेर १९९३ मध्ये शिअरसनचा दलाली व्यवसाय विकण्यात आला. खरेदीदार होती वाइल यांचीच नवी कंपनी ‘प्रायमेरिका’. बारा वर्षांपूर्वी ९३ कोटींना दिलेली पेढी, हटनच्या शाखांसह, त्यांना सुमारे १०० कोटींत परत मिळाली. ती त्यांच्याकडील ‘स्मिथ बार्नी’त मिसळली आणि लवकरच पाटीवरून शिअरसन हे नाव उतरले. १९९४ मध्ये स्वतंत्र झालेली लेहमन सप्टेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली. स्मिथ बार्नी १९९८ मध्ये सिटीग्रुपचा भाग झाली. २००९ मध्ये तिचा ताबा मॉर्गन स्टॅन्लीकडे गेला आणि २०१२ मध्ये तिचेही नाव वगळण्यात आले.